चकाचक बॉल आणि दगाबाजांची यादी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
काल बोलिंगच्या हॉलमध्ये सहा वेळा माझा बॉल लेनच्या कडेच्या नालीत गेला. मनगटाचा दोष नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. दोष बॉलचा. लेनवर तेलाचा पातळ थर असतो, माझा बॉल ते तेल पितो आणि ऐनवेळी वळायचं विसरतो. अकरा वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला, त्याचं हे फळ.
टीम मी उभी केली. शर्टाचा रंग मी निवडला. कॅप्टनला, म्हणजे आमच्या ऑफिसच्या स्टोअरकीपरला, बॉल धरायला मी शिकवलं. आता तोच म्हणतो, २३ तारखेला फायनल, तोवर हात सुधारा, नाहीतर तुमच्या मेहुण्याला घेतो. मेहुण्याला मी नुसतं गंमत म्हणून आणलं होतं!
संकल्प : आजपासून बॉलची शास्त्रशुद्ध निगा. रोज मनगटाचा व्यायाम. वहीच्या शेवटच्या पानावर दगाबाजांची यादी सुरू. १. बॉल. २. कॅप्टन.

४ मार्च
हॉलच्या मिस्त्रीला विचारलं. यंत्रंही तोच दुरुस्त करतो आणि बॉलना बोटांची भोकंही तोच पाडतो. म्हणाला, प्रत्येक फेकीनंतर लगेच पुसा, अधूनमधून खरखरीत पॅडने घासा, पण चमकवू नका. चमकवलेला बॉल नुसता घसरतो, वळत नाही.
घासा म्हणे! आपली गाडी कोणी घासतं का? त्याचे बॉल कळकट, म्हणून माझाही कळकट हवा. यादीत ३.

६ मार्च
पुसायला मऊ टॉवेल नेला. तो बायकोचा होता हे घरी आल्यावर कळलं. काळे डाग. तिने एवढंच विचारलं की घरात दुसरं फडकं नव्हतं का. ‘एवढंच’ विचारण्यात संध्याकाळ गेली.
मनगटाचा व्यायाम राहिला.

९ मार्च, रविवार
भोकांना चिकटपट्टी लावून बॉल गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. वीस मिनिटांत वर पिवळट तवंग! अकरा वर्षांचं तेल! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, बादली फरशी पुसायची आहे, तवंग फिनाइलचा असेल.
हिला विज्ञानाचं वावडंच आहे.

१२ मार्च
गाडीचं पॉलिश आणलं. तीन हात दिले. बॉलमध्ये माझा चेहरा दिसतो. जरा पसरट, पण प्रसन्न.
व्यायाम उद्यापासून नक्की.

१४ मार्च
सराव. बॉल सुसाट सरळ गेला आणि नालीत पडला. पुढच्या फेकीला दहातल्या दोन पिना पडल्या. मेहुण्याने आठ पाडल्या, त्याही हॉलच्या बॉलने, ज्यात दिवसभर कोणाचीही बोटं जातात. वर मला म्हणतो, दाजी, मिस्त्रींचं एकदा ऐकून बघा ना. यादीत ४.
मिस्त्री माझ्याच लेनवर जास्त तेल सोडतो, असा दाट संशय आहे.
पॉलिश आणखी एक हात. व्यायाम नाही, पाहुणे आले होते.

१८ मार्च
कपाटात बॉल नाही! बायको टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, असेल कुठेतरी. चौदा पौंडांची वस्तू ‘असेल कुठेतरी’?

२० मार्च
बॉल परत आला. पण कोणत्या दशेत! चमक साफ उतरलेली, हात फिरवावा तर खरखरीत.
बायकोने कबूल केलं. मेहुण्याच्या हाती तिनेच मिस्त्रीकडे पाठवला होता. म्हणे, रोज तोंड पाडून घरी येता, बघवत नाही. मिस्त्रीने घासला, टाकून पाहिला, झकास वळला. निरोपही दिलाय : आता फक्त पुसा, बाकी काही करू नका.
माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या बॉलवर कट! बाकीच्यांचं सोडा, पण हिने? फार लागलं मनाला. यादीत ५. लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं.

२३ मार्च, रविवार. सकाळी ६.४०
सगळे झोपलेत. बाल्कनीत बसून पॉलिशचे पाच हात दिले. चेहरा पुन्हा दिसायला लागला. आज दाखवतोच एकेकाला.

२३ मार्च. दुपारी ३.३०
पहिल्या पाच पाळ्यांत मिळून नऊ पिना. कॅप्टनने मेहुण्याला खूण केली. मेहुणा म्हणाला, दाजींनाच खेळू द्या, टीम त्यांची आहे. कॅप्टनने ऐकलं नाही.
मिस्त्रीने माझा बॉल उचलला, नखाने पॉलिश खरवडून पाहिलं आणि खाली ठेवला. तेल सगळ्या लेनना यंत्रच घालतं, सारखंच. आज उभं राहून पाहिलं.
बायको पहिल्या रांगेत होती. बॉलची चमक तिला तिथूनच दिसली. तिने पिशवीतून टॉवेल काढला होता. तोच, डागांचा. बॉल पुसायला म्हणून धुऊन आणलेला. तो तिने पुन्हा घडी करून मांडीवर ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली. मी गेलो आणि तिच्याकडून तो मागून घेतला.
आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले. उरलेल्या पाळ्यांत मी सगळ्यांचे बॉल पुसले. कॅप्टन म्हणाला, पुसता मात्र छान.

२४ मार्च
यादी काढली. मेहुणा खोडला. मिस्त्री खोडला. कॅप्टन ठेवणार होतो, पण जिंकल्यावरच्या फोटोत त्याने मला मधोमध उभं केलं, म्हणून खोडला. बॉल बिचारा एकदा वळला होता, तोही माझ्या हातून नाही. खोडला. बायकोचं नाव इतकं गिरवून खोडलं की पान फाटलं.
दगा तर झालाय. म्हणजे नाव एकच उरतं. ते लिहायला घेतलं तर पेन चालेना. रिफिल संपली असणार. ही ओळ पेन्सिलने लिहितोय.