सतरा नारळ घेऊन अलिबागला

३ जानेवारी १९७१, रविवार. कोपरगाव.
आजपासून रोजनिशी. महिनाअखेर फॅक्टरीच्या वजनकाट्यावरून रिटायर होणार. बावीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या. धूळ, घुंगरं, गाडीवानांच्या शिव्या. बास झालं. उरलेलं आयुष्य समुद्रकाठी, शांत गावात. मात्र मुंबई जवळ हवी. मुंबईत आमची विजयमाला दिलेली आहे, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही. मुंबई हवी ती डॉक्टर, वर्तमानपत्र वगैरेसाठी.

५ जानेवारी. दुपारी, काट्यावर.
चार गावं तोलून पाहिली. डहाणू: बोलायला गुजराती शिकावी लागेल. बाद. मुरूड: लांब. मुंबईचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत जाऊ शकत नाही. (कोण माणूस, हा प्रश्न वेगळा.) उरण: आमचे चीफ केमिस्ट तिथले. त्यांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. अलिबाग: भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच, पुढे एसटी. सकाळी निघालं की जेवायला हजर. कडेवर मूल असलं तरी. अलिबाग पास.

७ जानेवारी.
बायकोला, छबूला, प्लॅन समजावला. भाकरी थापता थापता ऐकलं. तुमी व्हा म्होरं, पापड-कुरडया झाल्या की मी येतेच, म्हणाली. भांडणाची तयारी करून गेलो होतो, ती फुकट गेली. बाईमाणसाला मुद्दा नीट मांडून सांगितला की पटतो, हा अनुभव.

३१ जानेवारी.
निरोप समारंभ. भाषणं, हार, टोपी-उपरणं. प्रत्येक खात्यानं वेगळा नारळ दिला. एकूण सतरा. काट्यावरचा माझा जोडीदार नबीलाल यानं मात्र टरबुजाचं बी दिलं, पुडीत बांधून. गोदावरी आटली की पात्रातल्या वाळूत त्याची टरबुजाची वाडी असते. विजयमाला लहानपणी तिथून उठायची नाही. पोरीला लई आवडायची, तिकडंबी लावा, म्हणाला. वर शहाणपण शिकवलं की रोहमसाहेब, अलिबागला नारळ कशाला नेताय, तितं नारळाचीच झाडं हायेत म्हनं. म्हटलं, मानाचे नारळ आहेत, घरी ठेवून गेलो तर ही चटणी करून टाकेल.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. अलिबाग.
पोचलो. लाँच उत्तम. दोनदा कठड्याशी धावावं लागलं, पण ते सकाळच्या चहामुळे. घर म्हणजे थळे यांच्या वाडीतल्या दोन खोल्या, पडवीतून समुद्र दिसतो. घरमालक थळे सज्जन, पण मोजकं बोलणारे. माझ्या नारळांच्या पोत्याकडे पाहिलं, मग वर आपल्या माडांकडे पाहिलं, मग पुन्हा पोत्याकडे. संकोची स्वभाव.

१५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेअकरा.
मोठं काम केलं. इथली माणसं अगदीच भोळी हो! दारात फर्लांगभर वाळू नुसती पडून आहे आणि कुणी तिला हात लावत नाही. भरती-ओहोटी मला ठाऊक आहे, भूगोलात होतं. पण भरती पौर्णिमा-अमावास्येला. आज पंचमी. दहा दिवस निर्धास्त. नऊ वाजता फावडं घेऊन उतरलो. वीस आळी खणली, शेणखत घातलं, प्रत्येकात तीन बिया, भोवती काटक्यांचं कुंपण. आळ्यांत पाणी आपोआप पाझरतं, गोदावरीत पाझरतं तसंच. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. इकडे शेतीचं ज्ञान कमी. थळ्यांना विचारणार होतो, पण गोदाकाठच्या माणसानं वाळूबद्दल दुसऱ्याला काय विचारायचं! उशीर झालाय खरा, तरी मेपर्यंत फळ धरेल. विजयमालाला आपल्या हातानं कापून देणार.

त्याच दिवशी. साडेचार.
समुद्राला पूर आला.

१६ फेब्रुवारी.
थळे म्हणतात पूर नाही, हे रोज दोनदा होतं. काल का सांगितलं नाही, विचारलं. तर म्हणे, आम्हाला वाटलं तुमचा काही नवस आहे. एक काटकी परत मिळाली.
संध्याकाळी विजयमालाला कार्ड टाकलं. ये म्हणून लिहिलं नाही. दिलेल्या लेकीला ये ये करणं बापाला शोभत नाही, सासरच्यांना वाटायचं आम्हीच हावरे. सूचक लिहिलं: हवा चांगली आहे. खोल्या दोन आहेत. लाँच रविवारीही असते. पोरगी हुशार आहे, समजेल.

२१ फेब्रुवारी, रविवार.
सहज एसटी स्टँडवर फिरायला गेलो. रेवसच्या तीन गाड्या पाहिल्या. विजयमाला आली नाही. कार्ड उशिरा मिळालं असणार.

२८ फेब्रुवारी, रविवार.
स्टँडवर सकाळची हवा चांगली असते. पाच गाड्या. नाही आली. बाळाला सर्दी असेल.

४ मार्च.
इथे बाजरी मिळत नाही. भातानं पोट भरतं आणि तासाभरात कुठे जातं कळत नाही. हलका आहार प्रकृतीला बरा, असं स्वतःला रोज सांगतो. शांतता भरपूर. इतकी की काल थळ्यांच्या बैलगाडीचा आवाज आला आणि मी अंदाजानं वजन सांगून टाकलं. थळे घाबरून घरात गेले.

९ मार्च.
छबूचं पत्र. अक्षर नबीलालचं, टोमणे हिचे. पापड झाले, पण आता म्हैस व्यायला झालीय, ती व्याली की येते. वाळूत टरबुजं कशी लागली, असंही विचारलंय. हे हिला कुणी सांगितलं? मीच लिहिलं होतं वाटतं.

१४ मार्च, रविवार.
कंडक्टर ओळखायला लागलाय. आज गाडीत न्हाईत हो अण्णा तुमची पावनी, म्हणाला. मूळचा नेवाशाचा निघाला. त्याला बजावलं की मी कुणाची वाट पाहत नाही. बरं, म्हणाला, आणि चहा पाजला.

२८ मार्च, रविवार.
नाही आली. काल पाडव्याला एकट्यानं गुढी उभारली, एक नारळ फोडला. राहिले सोळा. खोबरं थळ्यांकडे दिलं. त्यांच्या बायकोनं परत भरून चार शहाळी पाठवली. घरात नारळ कमी होण्याचं लक्षण दिसत नाही.
एवढी जवळ राहते आणि एक रविवार मिळत नाही? बापाची किंमत नाही हेच खरं. यापुढे स्टँडवर जाणार नाही. पक्कं.

४ एप्रिल, रविवार.
टपाल तिकीट आणायला स्टँडवर गेलो होतो. (पोस्ट रविवारी बंद असतं, हे लक्षात नव्हतं.)

२० एप्रिल.
विजयमालाचं पत्र! उभ्यानंच फोडलं.
तीर्थरूप अण्णा, तुमचा खोकला कसा आहे? आईनं कळवलं की तुम्ही दोन महिने हवापालटाला गेलात, विश्रांती हवी, कुणी त्रास देऊ नका. मला फार यावंसं वाटत होतं. एका रविवारी धक्क्यापर्यंत आलेही होते, पण तुम्ही ये म्हटलं नव्हतं, म्हणून मागे फिरले. आता बाळाला घेऊन शनिवारी कोपरगावला जातेय. नबीकाकांची टरबुजं संपायच्या आत या.
मला खोकला कधी झाला?
धक्क्यापर्यंत आली होती.

२१ एप्रिल.
सामान बांधलं. समुद्राची खारी हवा प्रकृतीला मानवत नाही, हा शास्त्रीय निष्कर्ष. थळ्यांना सोळा नारळ देऊ केले. त्यांनी हात जोडले.

२५ एप्रिल, रविवार. कोपरगाव.
छबूनं दारातच नारळ मोजले. एक कुठं गेला, विचारलं. बाकी काही विचारलं नाही. पापड, कुरडया, म्हैस, सगळं जागच्या जागी. दोन महिन्यांत बाईनं एक ट्रंकसुद्धा आवरली नव्हती. पुढे बाजरीची भाकरी आली, म्हणून भांडण उद्यावर टाकलं.
संध्याकाळी नदीत नबीलालच्या वाडीवर. विजयमालानं वाळूत बसून अर्धं टरबूज एकटीनं खाल्लं, लहानपणी खायची तसंच, कोपरापर्यंत ओघळ. बाळानं बिया गिळल्या. नबीलालनं विचारलं, आमचं बी तिकडं कसं उगवलं? म्हटलं, समुद्राला फार आवडलं.
फार बरं वाटलं. लिहून ठेवतो: आता संकोच बंद. पुढच्या वेळी पोरीला स्पष्ट शब्दांत ये म्हणायचं. निश्चय.

९ मे, रविवार.
विजयमालाला गाडीत बसवून दिलं. ओटीत छबूनं पाच नारळ घातले. राहिले अकरा. गाडी सुटायला दहा मिनिटं होती, भरपूर वेळ. ठरवल्याप्रमाणे खिडकीशी गेलो, घसा साफ केला आणि स्पष्ट शब्दांत म्हणालो, दिवाळीत या लाइनीला गर्दी नसते.
ती हसली. डोळे पुसत म्हणाली, बरं अण्णा, दिवाळीला येते.
खोकल्याचं औषध घ्या, असंही म्हणाली.