पाखरांची वाटणी आणि वाकडी जवारी

दर्यापूर तालुका,
गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात

श्री. किसनराव यांसी देवमनचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? (उजवा विचारतो. डाव्याचं मागच्या फोनवर समजलं होतं.) शकुनवहिनींना नमस्कार, नात खुशीला आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे तुमची बहीण गेली त्यापासून सहा किलो कमी. कारण भाकर मीच थापतो आणि ती मलाच खावी लागते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधातच "बरं बरं" म्हणता आणि तपशील राहून जातो. म्हणून पत्र.

मे महिन्यात अकोल्याला आपल्या दोन जिल्ह्यांची मिळून एक परिषद झाली. नाव "कृषी-परिस्थितिकी परिषद". हा शब्द मी दोन शब्दकोशांत पाहिला, एकातही नव्हता. मग स्वतःच अर्थ बसवला: माती, पाणी, किडा, पाखरू आणि माणूस हे एकमेकांचे सोयरे आहेत असं धरून शेती करणे. (सोयरे म्हटल्यावर रुसवेफुगवे आलेच, पण तोडता येत नाही.) मी दहावी नापास आहे हे तुम्ही चारचौघांत सांगता, तरी या परिषदेसाठी मी अकरा पानांचं निवेदन स्वतःच्या हातानं लिहिलं. मुद्दा एकच होता. आमच्या गावात जवारी पेरणारा मी एकटा उरलो, बाकी सगळं शिवार सोयाबीन. त्यामुळे पंचक्रोशीतली झाडून सारी पाखरं माझ्याच पावणेदोन एकरात जेवायला येतात. दर्यापूर, अंजनगाव, तेल्हारा मिळून दहा गावांनी एकेक एकर जवारी पेरली तर पाखरं वाटली जातील आणि प्रत्येकाच्या घरी दाणा येईल. सरकारनं खताच्या गोण्या वाटण्यापेक्षा पाखरं वाटावी, असं मी पान चारवर स्पष्ट लिहिलं. लोक हसले. हसू द्या. पाखरू जिल्ह्याची हद्द पाहून उतरत नाही, मग धोरण हद्दीवर काहून थांबावं?

परिषदेनं मागवलं होतं की गावरान बियाणं असेल त्यानं किमान पाच किलो आणावं, ते पेरणीआधी दहा गावांत वाटलं जाईल, आणणाऱ्याचा वाटा त्याला परत. माझ्याकडे तुमच्या बहिणीची, कौशल्याची, वाकडी जवारी होती. ही तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या शेजाऱ्यांना पत्र वाचून दाखवाल म्हणून लिहितो: हिचं कणीस मान खाली घालतं, दिवाळीचा अवकाळी पाऊस वरून गळून जातो आणि दाणा काळा पडत नाही. तुम्ही चौदा वर्षांपूर्वी सोडली, बाकीच्यांनी त्याआधी. मागच्या साली पाखरांनी आणि रानडुकरांनी नेऊन माझ्याकडे जे उरलं ते बरोबर पाच किलो. घरात एक मूठही ठेवली नाही, कारण मूठ ठेवली असती तर चार किलो नऊशे भरली असती, आणि कमी माप नेणारा माणूस मी नव्हे.

आदल्या दिवशी पोचलो. तिथल्या काट्यावर चार किलो नऊशे ऐंशी भरली. मी माझा काटा सोबत नेला होता. (नेतोच.) त्या वीस ग्रामसाठी मी पाऊण तास उभा राहिलो, काटा जमिनीला सरळ नाही हे दाखवून दिलं, पाच किलो पूर्ण लिहून घेतले आणि ऐटीत सही केली. रजिस्टरच्या डोक्यावर "धान्य" लिहिलं होतं. "बियाणे" लिहिलेलं टेबल पलीकडच्या मांडवात होतं. मी आकडा वाचला, डोकं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली. माझ्या निवेदनाला चार मिनिटं मिळाली, मी साडेसहा घेतली. मग जेवण. वांग्याची भाजी आणि जवारीची भाकर. किसनराव, दोन वर्षांत अशी भाकर तोंडात गेली नव्हती. तीन खाल्ल्या, चौथी घेतली आणि वाढणाऱ्या रामरावला विचारलं, "भाऊ, जवारी कोठची हो?"

"इथलीच. सकाळी दळून आणली. काल कोणी दर्यापूरकडचा बुढा देऊन गेला म्हन्ते. लय कटकट्या होता, वीस ग्रामसाठी भांडून राहिला होता."

(माझं वय चौपन्न पूर्ण.) तो घास मी किती वेळ तोंडात धरला ते मोजलं नाही. थुंकला नाही. गिळला. समोरच्या पंगतीत दहा-बारा माणसं तेच बियाणं खाऊन, वा, गावरान ते गावरान, असं म्हणून राहिली होती.

पाचातले चार किलो असे गेले. पाचवा किलो मंचावर सापडला. सजावटवाल्या धर्मेंद्रनं प्लायवूडवर दोन जिल्ह्यांचा नकाशा काढून त्यावर दाणे चिकटवले होते: मेळघाटाला तूर, बाकी मूग-उडीद, आणि आपल्या खारपाणपट्ट्याला पांढरी वाकडी जवारी. वरून तीन हात वार्निश आणि किडा लागू नये म्हणून पावडर. कीटकनाशकाची. त्या परिषदेत. बियाण्याच्या टेबलावरच्या नीलम मॅडम धावत आल्या. त्यांचा दोष नाही. दहा गावांची नावं लिहिलेल्या दहा रिकाम्या पिशव्या घेऊन त्या कालपासून माझीच वाट पाहत होत्या. म्हणाल्या, "काका, नोंद धान्याची आहे. सही तुमचीच आहे." मी म्हटलं, "हो, सही माझीच आहे." एवढंच बोलणं झालं. मग त्यांनी तो नकाशाच मला देऊन टाकला.

सहा फूट बाय चार फूट. परतीच्या जीपवाल्यानं विचारलं, "हे काय व्हय?" म्हटलं, "दोन जिल्हे." तो म्हणाला, "मंग टपावर टाका. आत एका तालुक्याचीबी जागा नाही."

घरी येऊन कोमट पाण्यात फडकं भिजवून नकाशाचा दाणा न् दाणा सोडवला. अकरा दिवस लागले. निघाले सहाशे ग्राम, बाकीचा फुटला. ओल्या गोणपाटात घातला. चौथ्या दिवशी कोंब आले एक्केचाळीस. हजारो दाण्यांत एक्केचाळीस. ते वांग्याच्या वाफ्यात लावले. आज उभी आहेत अकरा ताटं. मला माहीत असलेली वाकडी जवारी एवढीच.

असो. सोयाबीनचं तुमचं कसं काय? कळवावे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
देवमन

ता. क. एक: परवा कृषी कार्यालयाचं पत्र आलं. निवेदन मंजूर! दोन्ही जिल्ह्यांची दहा गावं, एकेक एकर, अक्षरशः पान चारप्रमाणे. बियाणं मी पुरवावं अशी विनंती आहे. मी "पुरवतो" असं कळवून टाकलं आहे. कधी, ते लिहिलं नाही. अकरा कणसांचं अर्धा किलो, त्याचे पुढच्या साली पाच गुंठे, त्याच्या पुढच्या साली दहा एकर. हिशेब बसतो, पाखरांनी बसू दिला तर. ताटांवर मी कौशल्याचं जुनं लुगडं ताणून बांधलं आहे.

ता. क. दोन: खरं काम हे आहे. नोव्हेंबरच्या मधात शकुनवहिनींना घेऊन या. तेरवीनंतर तुम्ही आला नाहीत, मीही बोलावलं नाही, ते राहू द्या. बियाण्याचं कणीस निवडायला त्या दोघी नणंदा-भावजया वावरात जायच्या आणि आपण बांधावर बसून निवडणुका लढवायचो. कोणतं कणीस धरायचं, वरचा दाणा घ्यायचा की मधला, धुरावर किती दिवस टांगायचं, हे मी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मागचे दोन साल मी अंदाजानं निवडली, आणि दोन्ही साल कणसं सरळ व्हायला लागली होती. हे मी निवेदनात लिहिलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. वहिनींना म्हणा, वही आणणार नाही, मधात बोलणार नाही, नुसता मागं मागं चालीन.