दक्षिणेकडची खोली

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना

प्रिय आई,

सविनय जयभीम. फोन रोज होतो, तरी आज कागद घेऊन बसले आहे. फोनवर तुम्ही म्हणता, बरं आहे. मी म्हणते, इकडेही बरं आहे. मग प्रीता येऊन "हाय आजी" म्हणते आणि आपण तिघी थोडा वेळ नुसत्या स्क्रीनकडे बघत राहतो. प्रितमला जाऊन आता अख्खा हिवाळा सरला. तो सोडून बाकी सगळ्यांबद्दल आपण बोलतो. तुमच्या कामवालीचं चाललेलं असतं, थोरल्या अतुलभाऊंच्या बदलीचं चाललेलं असतं, आणि मी तुमच्या इकडे येण्याचा विषय काढला की तुम्ही प्रीताच्या अभ्यासाचं विचारता. म्हणून म्हटलं, निदान घराची बातमी तरी नीट कळवावी.

घर उभं राहतंय. छप्पर झालं, खिडक्या बसल्या. इथे भिंती लाकडाच्या असतात हे प्रितमने सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "एवढे पैसे घालून झोपडीच बांधता का रे?" आठवडाभर तो ते सगळ्यांना सांगत हसत होता. प्लॉट घेतला तो दिवस तर मी तुम्हाला कधी सांगितलाच नाही. इथल्या आपल्या बहुतेक देशी मंडळींना पूर्वमुखी घर हवं असतं, आणि सेल्स ऑफिसमधल्या गोऱ्या बाईलाही ते पाठ. आम्ही आत शिरलो तशी ती म्हणाली, "ईस्ट फेसिंग? सॉरी, ते सगळे गेले, वेटिंग लिस्ट आहे." प्रितमच्या ऑफिसातला विक्रम त्या लिस्टवर नंबर लावून बसला होता. प्रितमला चेवच आला. आम्ही दिशा-बिशा मानत नाही, कुणीच घेत नाही तो प्लॉट दाखवा, असं त्याने तिला इंग्रजीत ठणकावून सांगितलं. तो निघाला दक्षिणमुखी, मागे उंच पाइनची दाट झाडी. बाहेर येऊन त्याने लगेच विक्रमला फोन लावला, "यार, तू सूर्याची वाट बघत बस, मी बुक केलं!" मलाही अभिमान वाटला. आपल्या घरात वास्तुशांत कधी झाली नाही, आणि मुहूर्त विचारणाऱ्याला तुम्ही भिंतीवरचं घड्याळ दाखवता. तुमच्याच मुलाला शोभेल असं तो वागला होता.

मग खोल्या ठरल्या. तळमजल्यावरची मागची खोली त्याने तुमची म्हणून ठेवली. आईला जिना नको, रस्त्याचा आवाज नको, समोर झाडं, छान गारवा राहील, असं त्याचं म्हणणं. नागपूरचा माणूस तो. चांगली खोली म्हणजे जिथे ऊन पोचत नाही ती, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पुढची तीन उंच खिडक्यांची खोली त्याने स्वतःच्या ऑफिससाठी घेतली. तुम्हाला नकाशा पाठवला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "हिवाळ्यात ऊन कुठून येते रे?" त्याला सांगता येईना. मलाही येईना. दोघं इंजिनियर, पण दिशा मानायची नाही म्हणून आम्ही ती बघितलीसुद्धा नव्हती. "अरे, वास्तू नका मानू, ऊन तर माना," असं तुम्ही म्हणालात. तो हसला, बघतो म्हणाला, आणि मग ते बघायचं राहिलं ते राहिलंच.

तो गेल्यावर माणसं आली, डबे आले. विक्रमच्या बायकोने, गिरिजाने, फार केलं. प्रीताला शाळेतून आणायची, माझी भांडी घासून जायची. एक दिवस चहा घेताना ती हळूच म्हणाली, "उपासना, रागावू नको, पण ते घर कॅन्सल कर. दक्षिण ही यमाची दिशा. अशा वेळी बिल्डरसुद्धा समजून घेतात." मनापासून बोलत होती, डोळ्यांत पाणी होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, साखर अजून घालू का. असंच चाललंय माझं, आई. सगळं ऐकू येतं, समजतं, पण आत काही पोचत नाही. दाढ काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं. लोक म्हणतात, उपासनाने घर सोडलं नाही, किती धीराची. धीर कसला? सोडायला कुणाला तरी फोन करून काहीतरी ठरवावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही, म्हणून घर आपलं आपण वर चढत राहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी साइटवरच्या मुकादमाने बोलावलं. आतून भिंती बंद करायच्या आधी मालकाला एकदा घर फिरवतात, वायरी कुठून गेल्या, नळ कुठून गेले ते दाखवायला. प्रीताला घेऊन गेले. भर दुपार, बाहेर लख्ख, आणि तुमच्या खोलीत दिवेलागण झाल्यासारखं. प्रीताने फोनचा टॉर्च लावला आणि म्हणाली, "ममा, इट्स लाइक अ बेसमेंट. हाऊ विल आजी रीड हर पेपर?" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचता, ते तिला मागच्या सुट्टीतलं आठवत होतं. मग आम्ही पुढच्या खोलीत गेलो. ऊन अर्ध्या खोलीपर्यंत आलं होतं, खाली पडलेल्या लाकडाच्या भुशावर. प्रीता तिथेच मांडी घालून बसली. माझ्या मनात आलं, प्रितमचं टेबल आता इथे लागणार नाही. आलं तेही कसं, एखादं सामान मागवायचं राहिलं असावं तसं. मला स्वतःची भीती वाटली. मी मुकादमाला म्हटलं, ही खोली बेडरूम करा.

तो म्हणाला, मॅडम, सांगाडा उभा राहिल्यावर आम्ही बदल करत नाही. मी काही बोलले नाही, तिथेच उभी राहिले. वाद घालायचं त्राण नव्हतं, पण त्याला वाटलं बाई हटून बसली. त्याने दोन-तीन फोन केले आणि शेवटी जमलं. काचेच्या दाराऐवजी साधं लाकडी दार, एका बाजूला कपाट, आणि शेजारच्या टॉयलेटला कोट टांगायची जागा जोडून त्यात शॉवर. मागच्या खोलीत माझं ऑफिस. मला दिवसभर स्क्रीनच बघायची असते, तिला कुठे ऊन लागतं? उन्हाळ्यात तुमची खोली तापेल म्हणून घाबरू नका. तेव्हा सूर्य डोक्यावरून जातो, दक्षिणेच्या खिडकीतून फार आत येत नाही, हे मी आता वाचून काढलंय. गिरिजाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकूंना थंडीत छान ऊन मिळेल गं." विक्रमचा नंबर लागला का, हे मी तिला विचारलं नाही. प्रितमने नक्की विचारलं असतं.

आई, परवा अतुलभाऊंच्या तोंडून बोलता बोलता निघून गेलं. तुम्ही म्हणालात म्हणे, "मुलगाच नाही, तर सुनेच्या घरी कशाला जाऊ? तिचं वय काय, उद्या तिला तिचं काही ठरवायचं असेल. माझी अडचण नको." ते ऐकल्यापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे. उद्याचं मला माहीत नाही. आज स्वयंपाक काय करायचा हेही माझं ठरत नाही. पण तुमचं माझं नातं संपलं, हे तुम्ही मला न विचारता कसं ठरवलंत? तुमचा व्हिसा अजून चालतो. सहा महिने राहा, कंटाळलात तर जा, परत या. इथे सगळे त्याला ऑफिसातला प्रितम म्हणून ओळखतात. तो लहानपणी कशासाठी रुसायचा, हे माहीत असलेलं माणूस या अख्ख्या देशात नाही. प्रीतासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता ती झोपल्यावरही रडू येत नाही. तो गेल्यापासून मी एकदाही रडलेले नाही, आई. अतुलभाऊ म्हणतात, तुम्हीही नाही. मला हे एकटीला जमणार नाही. तुम्ही या, म्हणजे मला रडता येईल.

तुमचीच,
उपासना