सूज उतरल्यावर

बाबा, आज आमच्या परळच्या ओपीडीत एक माणूस अगदी तुमच्यासारखंच बोलला. बायकोला घेऊन आला होता. ती जिन्यावरून पडली म्हणे. तिला बोलू न देता तोच विचारत होता, "सूज उतरली की बरी होईल ना, मॅडम?" मी त्याला बाहेर बसवलं आणि तिच्या डोळ्याखालच्या हाडावरून बोट फिरवलं. सरळ जाणारी कड मध्येच पायरीसारखी खाली उतरली. वरच्या ओठाला कापूस लावला, तर तिला कळलाच नाही. गालाचं हाड मोडलं होतं. जिन्यावरून पडणारी माणसं हात टेकतात, गुडघे फोडून घेतात. हिचं बाकी सगळं अंग धड होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असा गाल हाताखाली आला की तुम्ही हजर असता.

लालबागच्या चाळीतलं आपलं स्वयंपाकघर. काका गावाहून आलेले. गणपतीला गावी कधी निघायचं ते तुम्ही सांगत होता आणि आईने भाकरी थापता थापता तुमचं बोलणं खोडून काढलं. एवढंच. तुम्ही उठलात, मूठ वळलीत आणि तिच्या डाव्या गालावर मारलीत. काका खाली मान घालून माशाचे काटे काढत राहिले. तव्यावरची भाकरी करपली, ती तुम्ही तिलाच खायला लावलीत. हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण तिथे कसं लागलं ते विचारलं असतं, पोलिसात नोंद झाली असती. मग तुम्ही आंबेहळद उगाळून स्वतःच्या हाताने तिच्या गालावर लावलीत. शेजारणी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. सूज उतरली तेव्हा गॅलरीत उभं राहून तुम्ही तोंड वर करून सांगितलंत, "बघा, झाली की नाय बरी?" आम्ही पोरंही खूश झालो. सूज मोडलेला गाल झाकून ठेवते, ती उतरली की खरा खड्डा दिसतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? हाड जागेवर बसवायला जेमतेम पंधरवडा मिळतो. नंतर ते असेल तिथेच वाकडं जुळून जातं. तो पंधरवडा तुम्ही आंबेहळदीच्या कौतुकात घालवलात.

त्यानंतर आई जेवायला बसली की तिच्या ओठावर शीत चिकटून राहायचं आणि तिला पत्ता नसायचा. पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणायचात, "तुझ्यापरास ढोरां बरी जेवतत." तुम्ही हसलात की आम्हालाही हसावं लागायचं. पुढे कॉलेजात सरांनी शिकवलं, की गालाचं हाड मोडताना डोळ्याखालची नस चेंगरते आणि ओठ बधिर होतो. सगळा वर्ग लिहून घेत होता. माझ्या डोळ्यांसमोर आईचं ताट होतं आणि तुमचा मला इतका संताप आला की त्या तासाला मी पुढे एक अक्षर लिहिलं नाही.

मग चाळ पाडून टॉवर झाला आणि नव्या घराच्या गुळगुळीत लादीवर तुम्ही घसरलात. बेसिनवर गाल आपटला. डावाच. आईचा फोन आला, "लवकर ये गो. हे बाथरूमात पडले. तोंड उघडूक जमणा नाय." मी आले. तुमच्या ओठाला कापूस लावून विचारलं, "कळतंय का?" "नाय." पुन्हा लावला. "नाय." तिसऱ्यांदा लावायची काहीच गरज नव्हती. तरी लावला. तुमचा आवाज कापायला लागला. "ह्यां बरां होतलां मा गो?" मी म्हटलं, "आईचं झालं नाही." आई शेजारीच उभी होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत.

तुम्हाला एकाचे दोन दिसत होते, म्हणून ऑपरेशन करावंच लागलं. माझ्या सहकाऱ्याने वेळेत केलं. हाड उचललं, धातूची पट्टी बसवली, गाल पहिल्यासारखा झाला. बधिरपणा मात्र लगेच जात नाही. घरी आल्यावर आईने तुम्हाला मऊभात वाढला आणि तुमच्या ओठावर शीत चिकटलं. त्या शिताची मी केवढी वाट पाहिली होती! मी आईकडे बघत राहिले. बोल ना, हास तरी, आता तुझी पाळी आहे. तिने पदराचं टोक धरलं, "थांबा हां," म्हणाली आणि पुसून टाकलं. तुम्ही पुढचा घास घेतलात. त्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, तुझंही हाड पुन्हा मोडून नीट बसवता येईल. ती म्हणाली, "आता कोणाक दाखवूचो आसा?"

तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, चेहरा बघा कसा शांत दिसतोय. दिसणारच. उशाशी ती बसली होती, एक गाल आत गेलेला.

आजच्या बाईला मी दाखल करून घेतलं. उद्या ऑपरेशन आहे. नवरा बाहेर "सूज उतरू दे की" म्हणत होता, मी तिचे कागद भरत राहिले. हे पत्र आईला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण ती तुमचीच बाजू घेईल. मला तुमच्याइतकाच तिचाही राग येतो. काल रात्री जेवताना तिच्या ओठावर शीत होतं. मला दिसलं. जेवण होईपर्यंत मी ते तसंच राहू दिलं.