कोचिंग फक्त मलाच

३ फेब्रुवारी, सोमवार
आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मोहनराव, आमच्या तेलगावच्या ट्रॅक्टर शोरूमचे मालक. म्हणाले, रामहरी, संभाजीनगरहून धनश्री मॅडम येणार आहेत. कम्युनिकेशन कोच. पुढचे चार सोमवार. विचारलं, कोणाकोणाला? म्हणाले, फक्त तुलाच.
बीडला नवी शाखा उघडतेय. तिला प्रमुख लागणार. मी नऊ वर्षं सर्व्हिस मॅनेजर. आता वेगळं सांगायची गरज नाही.
मालकांनी पुढं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी आभार मानून बाहेर आलो. त्यांचा वेळ वाचवला.
रिसेप्शनच्या दिपालीला बातमी दिली. म्हणाली, "मॅडम उद्याच आल्या तर लई बरं होईल, सर." पोरगी गुणी. अजिबात जळत नाही.

१० फेब्रुवारी
पहिलं सेशन. मॅडमनी विचारलं, स्टाफशी बोलताना काय अडचण येते? म्हणालो, ते बोलतात. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. पॉइंट आवडलेला दिसला.
मग प्रयोग. हेडमिस्त्री आश्रुबा दोन मिनिटं बोलणार, मी मधे बोलायचं नाही. मॅडमच्या मोबाईलप्रमाणे मी नऊ सेकंद टिकलो. मोबाईल जुना असावा. शिवाय आश्रुबा चुकीचं सांगत होता. काय सांगत होता ते आता आठवत नाही.
संकल्प: उद्यापासून ऐकणे. डोळ्यात बघणे. मान हलवणे.

१२ फेब्रुवारी, सकाळ
(काल वेळ मिळाला नाही.) संकल्प शंभर टक्के यशस्वी. आश्रुबा केबिनमध्ये आला आणि पंधरा मिनिटं बोलला. मी डोळ्यात बघितलं. मान चौदा वेळा हलवली, मोजून. मधे एक शब्द नाही. पूर्ण वेळ मनात एकच, आपण किती छान ऐकतोय. शेवटी म्हणालो, तुमच्या भावना मला समजल्या. तो उभाच राहिला. म्हणाला, "मंग देऊ नका ना साहेब." मी पंधराव्यांदा मान हलवली.

दुपार
सोमेश्वर ढाबेवाल्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीला होता. त्याला फोन केला, घेऊन जा. खूश झाला.

संध्याकाळ
सोमेश्वरचा ट्रॅक्टर त्याच्याच ढाब्यात शिरला. शोरूमपासून तीनशे पावलं. कुणाला लागलं नाही. सहा खुर्च्या आणि शेवभाजीचं पातेलं गेलं. ब्रेक नव्हते म्हणे, पार्ट यायचा होता. आश्रुबावर ओरडलो, सांगायला काय झालतं बे? म्हणाला, "सकाळी तेच तर सांगत होतो."
मान हलवण्याच्या पद्धतीतच काहीतरी दोष आहे. मॅडमना कळवणे.

१७ फेब्रुवारी
दुसरं सेशन. मॅडम म्हणाल्या, दोष सांगताना वाक्य 'तू'नं सुरू करू नका, 'मला वाटतं'नं करा. लगेच जमलं. दुपारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर आश्रुबाला म्हणालो, "मला वाटतं तुला अक्कल न्हाई." एकदम शांतता. विलक्षण परिणामकारक.

१८ फेब्रुवारी
मॅडमची दुसरी युक्ती: आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. मेकॅनिक अंगदवर वापरली. शर्ट चांगलाय. काम भंगार हाय. मिशा छान.
अंगदला मिशा नाहीत, हे नंतर लक्षात आलं. पण भावना महत्त्वाची.

२४ फेब्रुवारी
तिसरं सेशन माझ्याशिवायच. मॅडम बाकी स्टाफला घेऊन तासभर दार लावून बसल्या. आधी हसण्याचे आवाज. मग सगळे गप्प. शेवटी आश्रुबा डोळे पुसत बाहेर आला. मी बीडला जाणार हे कळलेलं दिसतं. माणूस मुळात हळवा.
निरोपाचं भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली. अजून बालपणच चाललंय.

३ मार्च
शेवटचं सेशन. मालकही बसले होते, म्हणून भाषण काढलं. दुसऱ्या पानावर मालक म्हणाले, रामहरी, खाली बस.
त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला. जानेवारीतला. "रामहरी साहेब राहणार असतील तर आमी जातो." खाली दहा सह्या. पहिली आश्रुबाची. मला काढायचंच ठरलं होतं. दिपाली म्हणाली म्हणे, एक चान्स द्या, कोच बोलवा.
मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही वाईट माणूस नाही, पण समोरच्याला वाक्य संपवू देत नाही. मी म्हणालो, तसं नाही मॅडम, माझं काय होतं... मॅडमचं वाक्य संपलं नव्हतं.
बीडला आश्रुबा चाललाय. मला तक्रारीच्या फोनवर बसवलं. नियम: ग्राहकाचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, ऐकलेलं रजिस्टरमध्ये लिहायचं. दोन महिने. पुढचं पुढं.
बाहेर आश्रुबाला गाठलं. कावून केलंस बे असं, विचारलं. त्यानं हात पुसले. म्हणाला, "साहेब, नऊ वर्षं झाली सांगतोय की."
चिडलेला नव्हता. त्याचंच जास्त लागलं.

६ मार्च, गुरुवार
सकाळी १०.२०. पहिला फोन. नाव विचारलं. सत्यशीला. गाव विचारलं. तेलगाव. पत्ता सांगायला लागली तेव्हा कळलं, आपली बायको.
म्हणाली, दिपाली सांगत होती, या नंबरवर तुमी मधे बोलत न्हाई. खरं हाय का? नियमाप्रमाणे गप्प बसलो.
एकोणतीस मिनिटं बोलली. आवाज एकदाही चढवला नाही. दिवाळीपासून ती माजलगावच्या शिवणक्लासमध्ये शिकवायला जाते. मला तीनदा सांगितलं होतं, तिन्ही वेळा मी छान छान म्हणालो. गेल्या शनिवारी क्लासवाल्यांनी तिचा सत्कार केला. तिनं पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवली होती. शेवटी तिच्यावर पर्स ठेवली.
सगळं रजिस्टरमध्ये उतरवलं. 'उपाय' या रकान्यात काय लिहावं सुचेना. म्हणालो, संध्याकाळी घ्यायला येतो.
म्हणाली, "कशाला? माझी गाडी हाय की. लाल." फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आलो. दारात लाल स्कूटी उभी. चार महिने झाले, ही आमच्या दारात का लावता म्हणून मी शेजाऱ्याशी भांडतोय.