एका बाहीचा कोट आणि माझं हृदय

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, वाकायला डॉक्टरांची बंदी आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? आता घाबरू नकोस, पण मला हार्ट अटॅक येऊन गेला.

दुकानात एका निवृत्त हेडमास्तरांच्या अंगावर कोटाची बाही टाचत होतो, तोच छातीवर कुणीतरी गरम इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं झालं. हेडमास्तरांनी मला तसंच गाडीत घातलं आणि एका बाहीनिशी दवाखाना गाठला. तिथे नर्सनं आधी त्यांनाच स्ट्रेचरवर झोपवलं. (टाचण्या टोचत असल्यानं ओरडत ते होते, मी आपला गप्प.)

मग डॉक्टरीणबाईंनी मनगटातून बारीक नळी घालून तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. पडद्यावर माझ्याच रक्ताच्या फांद्या दिसत होत्या, पानं गळालेल्या झाडासारख्या. सुकलेल्या फांदीत रक्त परतलं आणि वाटलं, मी पाण्यावर उताणा तरंगतोय, वरून ढग सावकाश चाललेत आणि तू काठावरून हाका मारतेयस. इतकं बरं वाटत होतं, की ओ द्यायचाही कंटाळा आला. तेवढ्यात हृदय चौखूर उधळलं, मशीन किंचाळलं, माणसं धावली. औषधं दिल्यावर कुठे ते ताळ्यावर आलं.

नंतर मी बाईंना विचारलं, "रक्त तर आलं, मग हा धिंगाणा कशाला?"

"उपाशी पेशींना एकदम ऑक्सिजन मिळाला, की त्यातूनच काही जहाल कण तयार होतात. ते पेशींनाच इजा करतात."

"म्हणजे वाचवणाऱ्यानंच मारायचं?"

"थोडंसं. पण वाहिनी उघडली नसती, तर तो सगळाच भाग मेला असता."

तर हृदयाचा एक कोपरा जरा अधू झालाय. मी घरी खिडकीशी पडून असतो. पडदा फुगतो, बसतो; त्याच्याबरोबर माझाही श्वास वरखाली होतो आणि मी जागा आहे की झोपलोय, हे मलाच कळत नाही. कात्री हातात घ्यायची मात्र धास्ती वाटते. (हे हिला सांगू नकोस.) हेडमास्तर रोज तोच एका बाहीचा कोट घालून येतात. दुसऱ्या शिंप्याकडे जायला तयार नाहीत. "तुम्ही उठा, मग बघू," म्हणतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागतात.

एकूण काळजीचं कारण नाही. एवढा प्रवास करून येऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ये.

आणखी एक ता. क. हिनं आत्ता मागून वाचलं. म्हणते, "मी कधीच फोन केलाय. ताई निघाल्यासुद्धा." म्हणजे हे पत्र तुझ्या कुलूप लावलेल्या दारात पडणार. पडू दे. खाली जिन्यात कुणीतरी धापा टाकत, माझं लहानपणीचं नाव घेऊन मला शिव्या घालतंय. ही उठत होती, पण मी तिला बसवलं. दार मी उघडतो.