घातचतुर्दशीला आलेली बाई

प्रिय दादा,

आज तुझं श्राद्ध झालं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, बाबा विचारलं तरी बोलत नाहीत. मग सांगू कुणाला? विषय तुझाच आहे, तर तुलाच लिहिते.

तुला मारणाऱ्याची फाशी वरच्या कोर्टानं कायम केली. आपल्या खंडेराव गेटपाशी लोकांनी लाडू वाटले रे! तुझं नाव ज्यांना कधी धड घेता आलं नाही, त्यांनीसुद्धा. आई म्हणाली, "आता माझा जीव शांत होईल." झाला का? अजून तरी नाही. आता त्याचा दयेचा अर्ज तेवढा उरलाय.

तुझ्यावरही राग आहे माझा. बबीना रोडवर हात दाखवील त्याला गाडीत घेऊ नकोस, म्हणून किती डोकं फोडलं तुझ्यापुढे! "अगं, थकलेला दिसतो बिचारा," हे तुझं ठरलेलं. त्या बिचाऱ्यानं तुला आणि तुझ्यासोबतच्या दोघांना गोळ्या घातल्या. कशासाठी, तर दारसुद्धा नीट न लागणाऱ्या त्या खटाऱ्यासाठी!

तर आज गुरुजींचं जेवण उरकत होतं, तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. श्राद्धाच्या दिवशी दारी आलेल्याला आई उपाशी जाऊ देत नाही, तुला ठाऊकच आहे. नावगाव न विचारता तिनं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. दोन घास खाऊन बाई म्हणाली, "चिरगाँव से आए हैं। हम ओई की मताई आंय।"

तुला मारणाऱ्याची आई! आपल्या आईच्या हातातला डाव तसाच राहिला. जेवत्या माणसाला उठवणार कसं?

"माफी माँगबे नईं आए, बिटिया," ती मला म्हणाली. "बस इत्तो लिख दो कि फाँसी न होय।"

मग तिनं गुरुजींना विचारलं, आज कुणाचं श्राद्ध? ती कोण हे त्या भल्या माणसाच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. सरळ सांगून मोकळे झाले, "आज चौदस है, माताजी। जो हथियार से मरे, फाँसी से मरे, सबका आज ही होता है।"

"तो हमाए लरका को सोई एई दिन परहै?"

तिच्या मुलाचंही याच दिवशी येणार का, एवढंच तिनं विचारलं. आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. बाबा त्या बाईला बसपर्यंत सोडून आले.

मला त्याची दया येत नाही, दादा. पोलिसांनी पुढे केलेला तुझा शर्ट मीच ओळखला होता. पण दिवस ठरवून, तब्येत तपासून, एका जित्या माणसाला लटकवायचं आणि म्हणायचं, हे तुमच्यासाठी केलं? मला नको आहे ते! आणि त्या म्हातारीनं कुणाला मारलं होतं? मुलाच्या श्राद्धाचा दिवस तिनं तो जिवंत असतानाच विचारून घेतला, तेच सारखं मनात घोळतंय.

उद्या मी राष्ट्रपतींना अर्ज लिहिणार आहे. त्याला मरेपर्यंत आत ठेवा, पण मारू नका, एवढंच. आई कदाचित माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. तू मात्र कुठल्या बाजूला असतास, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून एक वचन देते. त्या अर्जात 'माझ्या भावाचीही हीच इच्छा असती' असं मी कदापि लिहिणार नाही. तुला विचारायची सोय त्यानंच ठेवली नाही.

तुझी,
चिमी